मिसरूड फुटायच्या आत ट्रॉफी

“झालं बाई, दुएला मिळालं,” आक्का भिंतीपलीकडून म्हणाल्या. पुढ्यात सूप, सुपात पावट्याच्या शेंगा.

“दुए कोण? मागच्या गल्लीत नव्यानं राहायला आलेत ते?”

“पॅरिसचा गं! देझिरे दुए. मे महिन्यात चॅम्पियन्स लीगच्या फायनलला इंटर मिलानला पाच गोल बसले, त्यातले दोन यानं घातले. तवा पोरगं एकोणीस वर्षांचं. आता 2025 चं गोल्डन बॉय त्याला.”

आक्कांचं माहेर शिवाजी पेठेतलं. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींच्या आणि मंडळांच्या नावानं खेळतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ ही नावं इथल्या पोराला शाळेच्या हजेरीपटाआधी पाठ होतात. भाऊ खेळलेले, दीर खेळलेले, आता नातू खेळतो. तो रात्री-अपरात्री युरोपातल्या मॅचेस लावून बसतो, आणि वयामुळे झोप उडालेल्या आक्का त्याच्या शेजारी जपमाळ घेऊन बसतात. त्यामुळे माद्रिद, बार्सिलोना आणि मँचेस्टर इथली मंडळी त्यांच्या बोलण्यात भावकीतल्यासारखी येतात. कुणाचं काय चाललंय, कोण शेफारला, कुणाचं वाईट झालं, सगळं ठाऊक.

“देतं कोण हे बक्षीस?”

“इटलीत तुरिन म्हणून गाव हाय. तिथं तुत्तोस्पोर्त नावाचा खेळाचा पेपर निघतो, त्यांचं हे. 2003 पासून चालू हाय. पोरगं एकवीसच्या आतलं पाहिजे आणि युरोपातल्या कुठल्यातरी देशात वरच्या लीगला खेळणारं पाहिजे. मतं निरनिराळ्या देशांतले पत्रकार टाकतात. आणि एकदा मिळालं की परत न्हाई. म्हणून तर यमालला यंदा मिळालं न्हाई. त्यानं 2024 ला घेतलंय.”

“यमाल म्हणजे तोच ना, ज्याचा मेस्सीबरोबर बाळपणीचा फोटो आहे?”

एवढं विचारायचा अवकाश, सूप बाजूला सरकलं.

“तेच सांगतो ऐक. 2007 साल. तिथला एक पेपर आणि ती युनिसेफ संस्था, दोघांनी मिळून मदतीसाठी कॅलेंडर काढायचं ठरवलं. बार्सिलोनाच्या खेळाडूंनी लहान बाळांबरोबर फोटो काढायचे. मातारो गावात, यमालची आई राहायची त्या भागात, सोडत काढली, आणि हिच्या बाळाचा नंबर लागला. मेस्सी तवा वीस वर्षांचा, लाजाळू. त्याच्या हातात हे काही महिन्यांचं बाळ दिलं आणि प्लास्टिकच्या टबात आंघोळ घालायला लावली. बिचाऱ्याला बाळ धरता येईना! आणि पुढं तेच बाळ त्याच क्लबात, त्याच डाव्या पायानं खेळाय लागलं. 2024 च्या युरो कपात बापानं तो फोटो इंटरनेटवर टाकला तवा जगाला कळलं.”

मी म्हटलं, हे एखाद्या सिनेमात दाखवलं असतं तर आपण लेखकाला हसलो असतो.

“सिनेमा सोड. त्या युरो कपाला पोरगं शाळेचा अभ्यास बरोबर घेऊन गेलं होतं. दहावीसारखी तिथली परीक्षा असते, ती पास झाल्याचं त्याला स्पर्धा चालू असतानाच कळलं. जर्मनीत अठराच्या आतल्या खेळाडूला रात्री अकरानंतर कामाला लावता येत न्हाई, असा कायदा. त्यामुळं मॅच लांबली तर स्पेनला दंड बसणार का, यावर पेपरात रकानेच्या रकाने. सेमीफायनलला फ्रान्सला असला गोल मारला की बस! सोळा वर्षांचं पोर, युरो कपातला सगळ्यात लहान गोल मारणारा. 13 जुलैला सतरावा वाढदिवस, 14 जुलैला कप हातात.”

“आणि अठराव्या वाढदिवसाचं काय झालं ते नाही सांगितलंत,” मी मुद्दाम डिवचलं.

आक्कांनी तोंड वाकडं केलं. “ते काय सांगायचं? ठेंगण्या माणसांना करमणुकीसाठी बोलावलं म्हणे पार्टीला. त्यांच्या संघटनेनं तक्रार केली, सरकारपर्यंत गेलं. शोभलं न्हाई. अठराव्या वर्षी हातात पैसा आला आणि भोवती ‘व्हय दादा’ म्हणणारी चार टाळकी जमली, की असंच हुतंय. पण पोरगं वाया गेलेलं न्हाई हां! कोपा ट्रॉफी सलग दोनदा घेतली, 2024 ला आणि 2025 ला. दोनदा घेणारा पहिलाच. यंदाचा समारंभ पॅरिसला झाला, आपल्याकडं घटस्थापना होती त्या दिवशी. रात्री दिवा जपायला जागी होतो, तेवढ्यात बघून घेतलं.”

“कोपा वेगळं आणि गोल्डन बॉय वेगळं?”

“म्हंजे काय! हे फ्रान्सवाल्यांचं. ‘फ्रान्स फुटबॉल’ म्हणून त्यांचं मासिक, जगातल्या उत्तम खेळाडूचं बॅलन डी’ओर देतात तेच. वयाची अट तीच, एकवीसच्या आत, पण मत कुणी द्यायचं ते बघ: ज्यांनी पूर्वी स्वतः बॅलन डी’ओर घेतलंय त्यांनी. सुरू करतानाच तसं ठरलं. म्हंजे पोराला पास-नापास करणार कोण, तर गाजलेले म्हातारे पैलवान. मला हे लई आवडतं. पत्रकाराला काय, शाई वाळायच्या आत त्याचं मत बदलतं.”

मी पत्रकारितेच्या वतीनं गप्प बसले.

“आणि कोपा हा कोण होता ठाऊक हाय का? रेमंड कोपा. आडनाव कोपाशेवस्की, घराणं मूळ पोलंडकडचं. उत्तर फ्रान्सात कोळशाच्या खाणी, तिथं सगळं घर राबायचं. हाही पोरवयात खाणीत उतरला. अपघातात हाताचं बोट अर्धं गेलं. तिथनं वर आला, रीम्सकडनं खेळला, मग रियल माद्रिदकडनं तीन युरोपियन कप जिंकला, आणि 1958 ला बॅलन डी’ओर. फ्रान्सचा पहिला. 2017 ला वारला, आणि पुढच्याच वर्षी त्याच्या नावानं हे बक्षीस काढलं. पहिलं एम्बाप्पेला गेलं.”

आक्का थांबल्या ते शेंगेतली अळी फेकायला. तेवढ्यात मी माझं घोडं पुढं दामटलं. आदल्या रात्री मी गोल्डन बॉयची सगळी यादी वाचून काढली होती, आणि माझ्या मते मला त्यात एक जबरदस्त गोष्ट सापडली होती.

“आक्का, 2003 पासून 2025 पर्यंत तेवीस पोरांना हे मिळालं. त्यातल्या किती जणांनी पुढं बॅलन डी’ओर घेतलं?”

“एकानं. मेस्सीनं,” आक्का म्हणाल्या. शेंग सोलणं चालूच.

माझी हवा निम्मी गेली, पण मी नेट सोडला नाही. रूनी नाही, अग्वेरो नाही, पोग्बा नाही. एम्बाप्पे, हालंड आणि बेलिंगहॅम यांना अजून नाही. पहिलं बक्षीस आयाक्सच्या राफाएल व्हॅन डर वार्टला गेलं. त्याच वर्षी अठरा वर्षांचा लुका मॉड्रिच बोस्नियातल्या मोस्तार गावच्या क्लबाकडे उसना दिलेला होता आणि युरोपात कुणी त्याच्याकडं ढुंकून बघत नव्हतं. बॅलन डी’ओर 2018 ला घेतलं ते मॉड्रिचनं. क्रिस्तियानो रोनाल्डो गोल्डन बॉयच्या यादीत नाही. बेंझेमा नाही, रोद्री नाही, 2025 चा विजेता देम्बेलेही नाही. मग हे बक्षीस म्हणजे बिनकामाचं भविष्यच की! चुकीच्या पोरांवर गुलाल उधळायचा, आणि पुढं दहा वर्षं त्यांना ‘काय झालं रे तुझं’ म्हणून विचारायचं.

“बोल, बोल. संपलं की मी बोलतो.”

“2008 चा अँडरसन, 2009 चा पाटो. कुठं आहेत? पाटोचे स्नायू सारखे दुखावले आणि पंचविशीच्या आत युरोपनं त्याला मोडीत काढलं. 2010 चा तो बालोटेली...”

बालोटेलीचं नाव काढलं आणि आक्का पदराआड हसायला लागल्या. या माणसावर त्यांचा जीव आहे.

“अगं, त्याला बक्षीस मिळालं तवा दुसरा आला होता आर्सेनलचा जॅक विल्शर. पत्रकारांनी विचारलं, विल्शरबद्दल काय म्हणणं? तर म्हणाला, कोण तो? मी ओळखत न्हाई. पुढच्या वेळी मॅच पडली तर लक्ष ठेवीन, वाटल्यास ट्रॉफी दाखवीन. वर आणखी, आजवर ज्यांना हे मिळालं त्यात माझ्यापेक्षा थोडा बरा एकटा मेस्सी! आता एवढा आगाऊपणा केल्यावर देव गप्प बसतोय व्हय? पुढच्या वर्षी घरातल्या बाथरूममध्ये फटाके उडवले. घराला आग. बंब बोलवावा लागला. हा म्हणतो मी न्हाई, मित्रानं लावले. दुसऱ्या दिवशी मँचेस्टर युनायटेडशी मॅच, त्यांच्याच मैदानावर. यानं पहिला गोल मारला आणि शर्ट वर केला. आत बनियनवर लिहिलेलं, नेहमी माझ्यावरच का येतं म्हणून! सहा-एक जिंकले. त्याला शिव्या देणारे सगळे त्या दिवशी हसत होते.”

“पण पुढं काय झालं त्याचं?”

“क्लब बदलत राहिला. पण त्या एका दिवसाचं सोनं कुणी काढून घेतलं काय?”

इथं मला पहिल्यांदा जाणवलं की आक्का वेगळ्याच बाजूनं वाद घालताहेत. तरी मी रेनाटो सांचेसला पुढं केलं, कारण 2016 चं त्याचं प्रकरण भलतंच आहे. अठराव्या वर्षी पोर्तुगालकडून युरो कप जिंकला, त्या स्पर्धेतला उत्तम तरुण खेळाडू ठरला, बायर्न म्युनिकनं उचलून नेला आणि वर्षअखेरीला गोल्डन बॉयही मिळालं. पण या सगळ्याच्या आधीपासून लोकांची कुजबूज सुरू होती की पोराचं वय खोटं आहे. कारण जन्म लिस्बनमधला, पण नोंद तब्बल पाच वर्षांनी झालेली.

“व्हय, व्हय! दात मोजून बैल घ्यावा तसं त्या पोराचं वय मोजायला लागले,” आक्का चिडून म्हणाल्या. “जन्माची नोंद उशिरा झाली म्हणून पोरगं लबाड? आमच्या थोरल्या दिरांचा वाढदिवस शाळेच्या मास्तरांनी 1 जून लावून टाकला. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस 1 जूनच हाय. त्यांना कुणी विचारलं न्हाई.”

हे मात्र खरं. ज्या गावात शालेय स्पर्धांना दाखल्यावरचं वय हा दरवर्षीचा भांडणाचा विषय आहे, तिथं सांचेसची बाजू घ्यायला माणूस मिळणं विशेष. पण या बक्षिसांचा सगळा डोलाराच वयावर उभा. एक दिवस इकडचा तिकडे झाला तर पोरगा यादीतून बाहेर.

“पण आक्का, बायर्ननं त्याला वर्षभरात स्वान्सीला उसना दिला. तिथं चेल्सीविरुद्ध त्यानं बाजूच्या जाहिरातीच्या फळीला पास दिला! लाल रंग दिसला, आपलाच माणूस वाटला.”

“लोक हसले. मीही हसलो. पण 2021 ला लीलनं फ्रान्सची लीग जिंकली, तवा हाच पोरगा मध्ये खेळत होता ते कुणी सांगत न्हाई. फळीची क्लिप सगळ्यांकडं हाय.”

एक-शून्य. मी गप्प.

तेवढ्यात नातू गॅलरीत आला. “आज्जी, जोआव फेलिक्स सांग त्यांना! बारा कोटी साठ लाख युरो!” एवढं ओरडून तो आत गेला. 2019 मध्ये एकोणीस वर्षांच्या फेलिक्ससाठी आत्लेटिको माद्रिदनं बेनफिकाला खरंच एवढे मोजले, आणि त्याच वर्षी तो गोल्डन बॉय झाला. पुढं चेल्सी, बार्सिलोना, पुन्हा चेल्सी, मिलान आणि पंचविशीत सौदी अरेबिया. माझ्या मते बक्षिसापेक्षा हा आकडाच त्या पोराला जड गेला. बक्षीस शोकेसमध्ये राहतं, आकडा मात्र दर मॅचला स्टँडमध्ये येऊन बसतो. आक्कांचं याच्यावर एकच वाक्य: “रेट लावणारे म्हातारे, आणि भरायचा पोरानं.”

मग गाडी इंग्लंडला वळली, कारण आक्कांच्या मते खरं बक्षीस तिथलंच. तिथल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंची संघटना आहे, पीएफए. 1974 पासून ती दरवर्षी सीझनचा उत्तम तरुण खेळाडू निवडते, आणि मतदान करतात खुद्द खेळाडू. ज्यांच्या नडग्यांवर त्या पोरानं नाचवलंय, तेच मत टाकणार.

“आपल्याकडं शाहू स्टेडियमवर स्पर्धेच्या शेवटी बेस्ट फॉरवर्ड, बेस्ट गोलकीपर देतात नव्हं? ते समोरच्या टीमनं ठरवलं तर कसं होईल बघ. भांडणं हुतील, पण खोटं नाव निघणार न्हाई.”

या बक्षिसाचं वयाचं गणित मात्र बरीच वर्षं गमतीचं होतं. सीझन सुरू होताना तेवीस किंवा त्याहून कमी असलं की तुम्ही तरुण. 2010 मध्ये जेम्स मिल्नरला मिळालं, तेव्हा तो चोवीस पूर्ण केलेला आणि प्रीमियर लीगमध्ये पहिली मॅच खेळून सात वर्षं उलटलेला. 2002 मध्ये सोळाव्या वर्षीच लीड्सकडून मैदानात उतरला होता! ओरड झाली, आणि अलीकडे ही अट एकवीसवर आणली. मिल्नर मात्र काही संपला नाही. ऑगस्ट 2025 मध्ये, वयाची एकोणचाळीस वर्षं उलटल्यावर, त्यानं ब्रायटनकडून मँचेस्टर सिटीला पेनल्टीवर गोल घातला.

“मग तुझ्या यादीत मिल्नर कुठं बसतो? बॅलन डी’ओर न्हाई मिळालं, म्हंजे वाया गेला?”

“तसं नाही...”

“तरुणपणाचं आणि मोठ्यांचं, दोन्ही एकाच सीझनला घेतलेलेही हायत. व्हिलाचा अँडी ग्रे 1977 ला, रोनाल्डो 2007 ला, गॅरेथ बेल 2013 ला. त्या ग्रेला तर क्लबनं समारंभाला सोडलंच न्हाई. लीग कपची फायनल परत खेळायची होती ना, म्हणाले सराव कर. दोन-दोन बक्षिसं आणि नवरदेव घरी!”

दोनदा घेणारेही आहेत. गिग्ज, फॉलर, रूनी, फोडेन. आणि डेले अली. हे नाव मी काढलं आणि आक्कांचा आवाज उतरला.

एमके डॉन्स नावाच्या लहान क्लबातून पन्नास लाख पौंडांत आलेला पोरगा. टॉटनहॅमकडून खेळताना 2016 आणि 2017 असं सलग दोनदा पीएफएचं बक्षीस घेतलं. दुसऱ्या वेळी तो जेमतेम एकवीसचा. मग खेळ घसरत गेला. आळशी झाला, पैशानं बिघडला, फॅशनच्या नादी लागला, अशी दूषणं टीव्हीवर बसून तज्ज्ञांनी दिली. 2023 च्या जुलैत त्यानं गॅरी नेव्हिलच्या मुलाखतीत स्वतःहून सांगितलं की लहानपणी त्याच्यावर अत्याचार झाले होते. बाराव्या वर्षी एका कुटुंबानं त्याला आपल्या घरात घेतलं. पुढं झोपेच्या गोळ्यांचं व्यसन लागलं आणि अमेरिकेत जाऊन त्यावर उपचार घ्यावे लागले.

“मुलाखत बघितली मी,” आक्का म्हणाल्या. “नातू अर्ध्यातनं उठून गेला, त्याला बघवेना. मी शेवटपर्यंत बघितली. इतकी वर्षं आपण त्या पोराला आळशी म्हणत होतो. आपण म्हंजे मी पण. टीव्हीपुढं बसून शिव्या द्यायला काय लागतं? त्याला बक्षीस मिळालं तवा त्याच्या आत काय चाललं होतं ते मतं टाकणाऱ्यांना कसं कळणार? त्यांनी पायातला खेळ बघितला, आणि खेळ खोटा नव्हता.”

बराच वेळ शेंगांचाच आवाज.

मग त्यांनीच विषय बदलला. फिल फोडेनकडे वळल्या, कारण तो त्यांच्या मते ‘आपल्याकडं पास झालेला’. 2017 मध्ये सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला. फायनलला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर इंग्लंड स्पेनपुढं दोन गोलांनी मागं होतं, तिथून पाच-दोन जिंकलं. फोडेनचे दोन गोल, आणि स्पर्धेचा गोल्डन बॉलही त्यालाच. मग 2021 आणि 2022 ला पीएफएचं तरुणांचं बक्षीस, 2024 ला थोरल्यांचं. त्याच वर्ल्ड कपात स्पेन आणि माली यांची सेमीफायनल नवी मुंबईत डी. वाय. पाटीलवर झाली. तिथं स्पेनचा तिसरा गोल घालणारा फेरान टोरेस आता बार्सिलोनात यमालच्या शेजारी खेळतो. आणि भारताच्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, हे आक्कांनी मला सांगितलं, मग माझ्या नवऱ्याला हाक मारून सांगितलं, मग दूधवाल्याला सांगितलं. दूधवाल्याला आधीच माहीत होतं.

“आणि पोरींचं कोण बोलणार?” त्या अचानक माझ्यावरच घसरल्या. “तुझ्या तेवीस नावांत एक तरी पोरगी हाय? इंग्लंडात लॉरेन हेंपनं तरुण खेळाडूचं बक्षीस चारदा घेतलंय. चारदा! गिग्जला न्हाई जमलं, रूनीला न्हाई. त्या कोपावाल्यांनी तर 2025 ला कुठं पोरींसाठी सुरू केलं. पहिलं बार्सिलोनाच्या विकी लोपेझला. सात वर्षं झोपले होते काय?”

यावर कोणाचंच दुमत असायचं कारण नाही.

सूप रिकामं होत आलं होतं. मी शेवटचा प्रयत्न केला. “आक्का, मान्य, खेळ खोटा नसतो. पण कोवळ्या वयात एवढं डोक्यावर घ्यायचं आणि मग विसरून जायचं, याला काय अर्थ?”

“विसरतं कोण? तुला केविन बीटी ठाऊक हाय?”

मला ठाऊक नव्हता. तुम्हालाही बहुधा नसेल, म्हणून आक्कांनी सांगितलं ते थोडं ऐसपैस लिहिते.

बीटी कार्लाईलचा. स्कॉटलंडच्या सीमेजवळचं गाव, गरिबीचं घर. पोरवयात लिव्हरपूलनं त्याला चाचणीला बोलावलं. स्टेशनवर उतरला तर न्यायला कुणीच आलेलं नाही. बावरलेलं पोर, मिळाली ती गाडी धरून घरी परत. इप्सविचच्या बॉबी रॉबसनला हे कळलं. त्यानं बोलावलं तेव्हा बजावून ठेवलं की लंडनच्या स्टेशनवर याला उतरवून घ्यायला माणूस पाहिजे म्हणजे पाहिजेच. लिव्हरपूलला एक माणूस पाठवायचा कंटाळा आला, आणि त्या काळातला इंग्लंडमधला सगळ्यात दांडगा डिफेंडर इप्सविचला मिळाला. हेडिंगला असा उडायचा की फॉरवर्ड लोक खाली उभं राहून बघायचे. 1974 मध्ये पीएफएनं तरुण खेळाडूचं बक्षीस पहिल्यांदा दिलं, ते याला.

“आणि पोर कसलं! इंग्लंडच्या तेवीस वर्षांखालच्या संघात बोलावलं, तर वाटेतच गायब. पेपरांत बोंब. शोधलं तर सापडला घरी कार्लाईलला, बापाबरोबर डॉमिनो खेळत बसलेला! घरची आठवण आली, गेला. एवढंच.”

पुढचं चांगलं नाही. गुडघे गेले. ऑपरेशनं झाली, तरी खेळत राहिला. 1981 च्या एफए कपच्या सेमीफायनलला हात मोडला आणि इप्सविचकडची वरच्या दर्जाची कारकीर्द तिथंच संपली. तेव्हा तो तिशीचाही नव्हता. ‘एस्केप टू व्हिक्टरी’ सिनेमात इप्सविचचे खेळाडू होते, त्यात मायकेल केनच्या जागी मैदानावर पळायला हा. मग ओढगस्त आणि आजारपण. 2018 मध्ये चौसष्टाव्या वर्षी गेला.

“म्हणजे माझंच खरं की,” मी म्हटलं. “पहिलंच बक्षीस, आणि पोराची अशी परवड.”

“इंग्लंडकडनं नऊच मॅचेस खेळला तो,” आक्का उठता उठता म्हणाल्या. “मेडल मोजून, पैसे मोजून हिशेब केलास तर तो नापासच. पण बॉबी रॉबसननं आयुष्यभर सांगितलं की यासारखा इंग्लिश खेळाडू मी बघितला न्हाई. इप्सविचच्या लोकांनी वर्गणी काढली आणि 2021 ला स्टेडियमच्या बाहेर त्याचा पुतळा उभा केला. वर्गणी काढून, बाई! ज्यांनी 1974 ला मतं टाकली, त्यांनी ती बरोबर पोराला टाकली.”